आपत्ती पुनर्वसनाचे धडे आणि उष्णता नियोजन

भूकंप, चक्रीवादळ, पूर आणि दुष्काळ यांच्यानंतरच्या मदतकार्यात व पुनर्बांधणीत आलेल्या अनुभवांचा उपयोग उष्णतेच्या लाटांच्या पूर्वतयारीसाठी करणे, या पद्धतीला आपत्ती पुनर्वसनाच्या अनुभवांवर आधारित उष्णता नियोजन असे म्हणता येते. मृत्यूंची अचूक नोंद, असुरक्षित गटांची ओळख, शेवटच्या माणसापर्यंत पोहोचणारी पूर्वसूचना, स्थानिक समूहांचा सहभाग, घरांची योग्य रचना, कायमस्वरूपी यंत्रणा आणि निश्चित निधी ही या नियोजनाची प्रमुख अंगे आहेत. २०१३ मध्ये अहमदाबाद महानगरपालिकेने लागू केलेला उष्णता कृती आराखडा हे त्याचे भारतातील ठळक उदाहरण मानले जाते.

उष्णतेच्या आपत्तीचे वेगळेपण

भूकंपात घरे पडतात, पुरात पाणी चढलेले दिसते, चक्रीवादळानंतर उन्मळलेली झाडे आणि उडालेली छपरे नजरेस पडतात. उष्णतेच्या लाटेनंतर असे कोणतेही दृश्य अवशेष मागे राहत नाहीत. रस्ते, पूल आणि इमारती जागच्या जागी असतात. हानी होते ती घरोघरी, रुग्णालयांत आणि कामाच्या ठिकाणी, सुटी सुटी आणि बहुतेक वेळा नजरेआड. परिणामी इतर आपत्तींनंतर आपोआप सुरू होणारी पंचनामा, मदत, चौकशी व पुनर्बांधणी ही साखळी येथे सुरूच होत नाही. ती जाणीवपूर्वक निर्माण करावी लागते.

भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या निकषांनुसार मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश सेल्सिअस, किनारी भागात किमान ३७ अंश आणि डोंगराळ भागात किमान ३० अंश असेल, तरच उष्णतेच्या लाटेचा विचार होतो. त्याखेरीज तापमान सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी अधिक असल्यास ती उष्णतेची लाट आणि ६.४ अंशांहून अधिक असल्यास तीव्र लाट समजली जाते. सरासरी काहीही असली, तरी प्रत्यक्ष तापमान ४५ अंशांवर पोहोचल्यास लाट आणि ४७ अंशांवर पोहोचल्यास तीव्र लाट मानतात.

मानवी शरीर मुख्यतः घामाच्या बाष्पीभवनाद्वारे स्वतःला थंड ठेवते. हवेत आर्द्रता अधिक असल्यास घाम वाळत नाही आणि तापमान तुलनेने कमी असूनही धोका वाढतो. शरीराच्या आतील तापमान ४० अंशांच्या वर जाऊन भ्रम, झटके किंवा बेशुद्धी अशी लक्षणे दिसू लागली, की त्या अवस्थेस उष्माघात म्हणतात. उष्माघाताने थेट होणारे मृत्यू हा एकूण हानीचा लहानसा भाग असतो. हृदयविकार, मूत्रपिंडाचे विकार, श्वसनाचे आजार आणि मधुमेह असलेल्या व्यक्तींची प्रकृती उष्णतेमुळे एकाएकी ढासळते. मृत्यूच्या दाखल्यावर मात्र मूळ आजाराचेच नाव लिहिले जाते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

भारतातील आपत्ती व्यवस्थापनाच्या अनेक संस्था व कायदे मोठ्या आपत्तींनंतरच्या पुनर्वसनातून उभे राहिले आहेत.

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर दुष्काळी कामे काढण्यात आली. त्या अनुभवातून रोजगार हमी योजनेला बळ मिळाले आणि १९७७ मध्ये तिला कायद्याचे रूप देण्यात आले. तात्पुरत्या मदतीचे कायमस्वरूपी हक्कात रूपांतर झाल्याचे हे महत्त्वाचे उदाहरण आहे. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे लातूर व तत्कालीन उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत झालेल्या किल्लारी भूकंपात सुमारे ८,००० ते १०,००० लोक मृत्युमुखी पडले. त्यानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने मोठा पुनर्वसन कार्यक्रम राबवण्यात आला आणि ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावर आदळलेल्या महाचक्रीवादळात जवळपास १०,००० बळी गेले. त्याच वर्षी त्या राज्यात स्वतंत्र आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण स्थापन झाले. २६ जानेवारी २००१ च्या कच्छ भूकंपानंतर गुजरातनेही असे प्राधिकरण स्थापले. २००५ मध्ये संसदेने आपत्ती व्यवस्थापन कायदा संमत केला.

आंतरराष्ट्रीय पातळीवर मार्च २०१५ मध्ये जपानमधील सेंदाई येथे २०१५ ते २०३० या कालखंडासाठीची आपत्ती धोका न्यूनीकरणाची चौकट स्वीकारण्यात आली. पुनर्बांधणी करताना पूर्वीपेक्षा अधिक सुरक्षित रचना उभी करावी, हे तत्त्व तिच्या चार अग्रक्रमांपैकी एकात समाविष्ट आहे. उष्णतेच्या संदर्भात या तत्त्वाचा अर्थ असा होतो की, एका लाटेत उघड झालेली उणीव पुढील उन्हाळ्यापूर्वी दूर झालेली असावी.

पुनर्वसनातून मिळालेले धडे

मृत्यूंची मोजणी

किती हानी झाली हे ठाऊक असल्याशिवाय मदतीचे वा पुनर्बांधणीचे नियोजन होऊ शकत नाही. उष्णतेच्या बाबतीत यासाठी 'अतिरिक्त मृत्यू' ही संकल्पना वापरतात. एखाद्या काळात सर्व कारणांनी झालेल्या एकूण मृत्यूंची तुलना इतर वर्षांतील त्याच काळाच्या सरासरीशी केली जाते. यात प्रत्येक दाखल्यावरील कारण शोधावे लागत नाही.

मे २०१० मध्ये अहमदाबादचे तापमान ४६.८ अंशांपर्यंत गेले होते. त्या महिन्यात शहरात एकूण ४,४६२ मृत्यू नोंदले गेले. २००९ आणि २०११ मधील मे महिन्यांची सरासरी ३,११८ होती. म्हणजेच १,३४४ मृत्यू अतिरिक्त होते. ही संख्या नंतरच्या अभ्यासातून पुढे आली. प्रत्यक्ष त्या महिन्यात शहराला आपल्यावर कोसळलेल्या संकटाची व्याप्ती कळली नव्हती. ही बाब पुढील नियोजनाला कलाटणी देणारी ठरली.

असुरक्षित कोण, याचा शोध

जुलै १९९५ मध्ये अमेरिकेतील शिकागो शहरात आलेल्या लाटेत ७३९ अतिरिक्त मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लिनेनबर्ग यांनी या घटनेचा सविस्तर अभ्यास करून २००२ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. एकट्या राहणाऱ्या वृद्धांचे आणि गरीब वस्त्यांतील रहिवाशांचे प्रमाण मृतांमध्ये मोठे होते. लागून असलेल्या दोन गरीब वस्त्यांपैकी ज्या वस्तीत दुकाने व रस्ते गजबजलेले होते आणि लोकांचा परस्परांशी नित्य संबंध होता, तेथे मृत्यूंचे प्रमाण कमी आढळले. शेजार हाही संरक्षणाचा एक घटक असतो, हा या अभ्यासाचा निष्कर्ष पुढील नियोजनात उपयुक्त ठरला.

ऑगस्ट २००३ मध्ये फ्रान्समध्ये सुमारे १५,००० अतिरिक्त मृत्यू झाले. त्यानंतर २००४ मध्ये तेथे राष्ट्रीय उष्णता योजना लागू झाली. एकटे राहणारे वृद्ध आणि अपंग व्यक्ती यांना नगरपालिकेच्या नोंदवहीत नाव घालण्याची सोय करण्यात आली, जेणेकरून इशारा मिळताच त्यांच्याशी संपर्क साधता यावा. २००६ च्या लाटेत, पूर्वीच्या अनुभवावरून अपेक्षित असलेल्या संख्येपेक्षा सुमारे ४,४०० मृत्यू कमी झाल्याचे संशोधकांना आढळले.

भारतात असुरक्षित गटांचे स्वरूप काहीसे वेगळे आहे. वृद्ध, बालके, गर्भवती स्त्रिया आणि दीर्घकाळ आजारी व्यक्ती यांच्यासह शेतमजूर, बांधकाम मजूर, वीटभट्टीवरील कामगार, हातगाडीवाले, वाहतूक पोलीस आणि पत्र्याच्या घरांत राहणारी कुटुंबे यांचा त्यात समावेश होतो. या श्रमिकांना घरात थांबण्याचा सल्ला पाळायचा झाल्यास त्या दिवसाची मजुरी सोडावी लागते. रोजगार हमीची कामेही शेतीची कामे नसताना, मुख्यतः उन्हाळ्यात चालतात. त्यामुळे दुष्काळाच्या पुनर्वसनातून जन्मलेल्या या योजनेत कामाच्या वेळा, सावली आणि पिण्याचे पाणी या बाबी उष्णता नियोजनाचा भाग ठरतात.

शेवटच्या माणसापर्यंत पूर्वसूचना

ऑक्टोबर २०१३ मध्ये फायलिन चक्रीवादळ ओडिशाच्या किनाऱ्यावर येण्यापूर्वी सुमारे १० लाख लोकांना सुरक्षित स्थळी हलवण्यात आले. १९९९ मध्ये दहा हजारांच्या घरात असलेली मृतांची संख्या या वेळी काही डझनांपर्यंतच राहिली. यामागे हवामानाचा अंदाज होताच. तो अंदाज गावपातळीवरील स्वयंसेवक, निवारे आणि नियमित सराव यांच्याशी जोडलेला होता, हे त्याहून महत्त्वाचे होते. याच राज्यात १९९८ च्या उन्हाळ्यात उष्णतेने २,०४२ मृत्यू झाल्याची अधिकृत नोंद आहे. चक्रीवादळासाठी उभारलेल्या यंत्रणेचा उपयोग नंतर उष्णतेसाठीही होऊ लागला. कामाच्या व शाळांच्या वेळा बदलणे, पाणपोया उघडणे, रुग्णालयांत स्वतंत्र खाटा राखणे अशी कामे जिल्हा प्रशासनाकडे सोपवण्यात आली.

चक्रीवादळ एका ठरावीक दिवशी येऊन निघून जाते. उष्णतेचा ताण मात्र अनेक दिवस चालतो आणि रात्रीचे तापमान न उतरल्यास शरीराला सावरण्यास अवधी मिळत नाही. म्हणून उष्णतेच्या इशाऱ्यात किती तापमान होईल यासोबत कोणी, कोणत्या वेळी, काय करावे याचाही उल्लेख असणे आवश्यक मानले जाते.

स्थानिक स्त्रियांचा सहभाग

किल्लारीच्या पुनर्वसनात घरांची दुरुस्ती व बळकटीकरण करण्याच्या टप्प्यावर स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या महिला मंडळांतील स्त्रियांनी 'संवाद सहाय्यक' म्हणून काम केले. शासकीय अभियंते आणि गावकरी यांच्यातील दुवा म्हणून त्यांनी माहिती पोहोचवली आणि कामांवर लक्ष ठेवले. २००१ च्या कच्छ भूकंपानंतर या भागातील स्त्रियांनी गुजरातमध्ये जाऊन आपला अनुभव तेथील स्त्रियांपर्यंत पोहोचवला.

उष्णता नियोजनात हीच भूमिका आशा सेविका, अंगणवाडी सेविका आणि बचत गटांतील स्त्रिया पार पाडू शकतात. कोणत्या घरात वृद्ध एकटे आहेत, कोठे तान्हे मूल आहे, कोणाकडे पंखा नाही, याची माहिती त्यांना कागदपत्रांपेक्षा अधिक अचूक असते.

घरांची रचना

किल्लारी परिसरातील जुन्या घरांच्या भिंती दगडमातीच्या व जाड असत. छपरे माळवदाची, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर असलेली होती. हे बांधकाम उन्हाळ्यात गारवा राखत असे. भूकंपात मात्र याच जड भिंती व छपरांखाली लोक गाडले गेले. त्यानंतर तात्पुरत्या निवाऱ्यासाठी पत्र्याच्या शेड उभारण्यात आल्या आणि पुढे विटा व काँक्रीटची घरे बांधली गेली. भूकंपाच्या दृष्टीने हा बदल आवश्यक होता. तथापि पत्रा व उघडा काँक्रीट स्लॅब लवकर तापतो आणि घराच्या आतील उष्मा वाढवतो.

एका आपत्तीपासून संरक्षण देणारी रचना दुसऱ्या आपत्तीचा धोका वाढवू शकते, हा यातील धडा आहे. म्हणून कोणत्याही पुनर्बांधणीत छपराचा प्रकार, वायुवीजन, व्हरांडा, घरांमधील अंतर आणि झाडे यांचा एकत्रित विचार करणे गरजेचे ठरते. अस्तित्वात असलेल्या घरांसाठी छपराला पांढरा परावर्तक रंग देणे हा तुलनेने स्वस्त उपाय आहे. तेलंगणाने यासाठी २०२३ मध्ये शीत छप्पर धोरण जाहीर केले.

साखळी आपत्ती

एका आपत्तीतून दुसरी उद्भवते, तेव्हा तिला साखळी आपत्ती म्हणतात. सप्टेंबर २०१७ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात इर्मा चक्रीवादळामुळे वीजपुरवठ्यात बिघाड होऊन एका शुश्रूषागृहातील वातानुकूलन बंद पडले आणि तेथील १२ वृद्धांचा मृत्यू झाला. २०२१ मध्ये आयडा चक्रीवादळानंतर न्यू ऑर्लिन्स शहरातही वीज नसलेल्या काळात उष्णतेने बळी गेले. वादळातून वाचलेली माणसे नंतरच्या उष्म्यात दगावली. यावरून रुग्णालये, पाणीपुरवठा केंद्रे आणि वृद्धाश्रम यांना पर्यायी वीजपुरवठा असणे, तसेच पंखे व यंत्रांवर अवलंबून नसलेली सावलीची ठिकाणे उपलब्ध असणे यांचे महत्त्व लक्षात येते.

अहमदाबादचा उष्णता कृती आराखडा

२०१० च्या लाटेनंतर अहमदाबाद महानगरपालिका, गांधीनगर येथील भारतीय सार्वजनिक आरोग्य संस्था आणि काही आंतरराष्ट्रीय संस्था यांनी एकत्र येऊन कृती आराखडा तयार केला. संस्थेचे तत्कालीन संचालक डॉ. दिलीप मावळंकर यांचा या कामात प्रमुख वाटा होता. २०१३ मध्ये लागू झालेला हा आराखडा दक्षिण आशियातील अशा प्रकारचा पहिला आराखडा मानला जातो.

आराखड्यात तापमानाच्या अंदाजानुसार पिवळा, नारिंगी आणि लाल असे इशारे ठरवण्यात आले. अंदाज ४५ अंश वा त्याहून अधिक असल्यास लाल इशारा दिला जातो. प्रत्येक इशाऱ्यानंतर आरोग्य, पाणीपुरवठा, उद्याने, शिक्षण व कामगार या विभागांनी करावयाची कामे नेमून दिलेली आहेत. उन्हाळ्यापूर्वीची तयारी, उन्हाळ्यातील कार्यवाही आणि उन्हाळ्यानंतरचा आढावा असे त्याचे तीन टप्पे आहेत. तिसरा टप्पा थेट पुनर्वसनाच्या अनुभवाशी नाते सांगतो, कारण त्यात झालेल्या चुका नोंदवून पुढील वर्षीच्या आराखड्यात दुरुस्ती केली जाते.

शहरातील एका सार्वजनिक रुग्णालयातील उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. २०१० च्या लाटेत तेथील नवजात अर्भकांमध्ये उष्णतेशी संबंधित त्रासाचे प्रमाण वाढलेले दिसले. प्रसूती विभाग सर्वांत वरच्या मजल्यावर, तापणाऱ्या गच्चीखाली होता. हा विभाग खालच्या मजल्यावर हलवल्यानंतर अशा अर्भकांची संख्या घटली. या बदलासाठी नवीन तंत्रज्ञानाची गरज भासली नाही. नोंदी तपासणे आणि त्यानुसार जागा बदलणे एवढेच पुरेसे ठरले.

२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, आराखडा लागू झाल्यानंतर २०१४ व २०१५ या वर्षांत दरवर्षी सरासरी सुमारे १,१९० मृत्यू टळले असावेत.

अर्थसाहाय्य आणि विमा

आपत्ती व्यवस्थापन कायद्याखालील राष्ट्रीय यादीत भूकंप, पूर, चक्रीवादळ, दुष्काळ इत्यादी आपत्तींचा समावेश करण्यात आला. त्यांत मृत्यू झाल्यास वारसांना ४ लाख रुपयांची मदत देण्याचा निकष २०१५ पासून आहे. उष्णतेच्या लाटेला मात्र या यादीत दीर्घकाळ स्थान मिळाले नाही. राज्यांना आपल्या आपत्ती प्रतिसाद निधीतील १० टक्क्यांपर्यंतची रक्कम स्थानिक आपत्तींसाठी वापरण्याची मुभा आहे. ओडिशा व केरळ यांसारख्या राज्यांनी तिच्या आधारे उष्णतेच्या लाटेला राज्यस्तरीय आपत्ती घोषित केले. अशी घोषणा नसल्यास उष्माघाताने मृत्यू पावलेल्या मजुराचे कुटुंब पुरात मृत्यू पावलेल्या व्यक्तीच्या कुटुंबाला मिळणाऱ्या मदतीपासून वंचित राहू शकते.

स्वाश्रयी महिला सेवा संघ, म्हणजेच 'सेवा' या संघटनेने असंघटित क्षेत्रातील स्त्रियांसाठी तापमानाशी जोडलेला विमा सुरू केला आहे. ठरावीक मर्यादेपेक्षा तापमान वाढल्यास नुकसानीचा पुरावा न मागता रक्कम थेट खात्यात जमा होते. २०२४ मध्ये राजस्थान, गुजरात आणि महाराष्ट्रातील सुमारे ५०,००० सदस्य या योजनेत होत्या आणि त्यांपैकी बहुसंख्य स्त्रियांना ४०० रुपयांची तातडीची मदत मिळाली. अशा विम्यात तापमानाची मर्यादा कोठे ठरवली जाते, यावर त्याची उपयुक्तता अवलंबून असते.

महाराष्ट्रातील स्थिती

विदर्भात उन्हाळ्यात पारा अनेकदा ४५ अंशांच्या पुढे जातो. तेथील जनजीवनाने काही उपाय पूर्वापार स्वीकारलेले आहेत. दुपारी बाजार मंदावणे, खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावणे, बाहेर पडताना डोक्याला दुपट्टा बांधणे आणि कैरीचे पन्हे पिणे ही त्यांची उदाहरणे होत. विदर्भातील शाळा उर्वरित राज्यापेक्षा उशिरा, जूनच्या उत्तरार्धात किंवा जुलैच्या प्रारंभी सुरू होतात. स्थानिक हवामानानुसार शासकीय वेळापत्रक बदलता येते, हे यातून दिसते. नागपूर शहरातही अहमदाबादच्या धर्तीवर उष्णता कृती आराखडा तयार करण्यात आला.

कोकण किनारपट्टीवर धोक्याचे स्वरूप वेगळे आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे भर दुपारी मोकळ्या मैदानावर झालेल्या शासकीय पुरस्कार सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. विदर्भाच्या उन्हाळ्याच्या तुलनेत त्या दिवशीचे तापमान कमी होते. दमट हवा, थेट ऊन, गर्दी आणि तासन्‌तास बसून राहणे यांच्या एकत्रित परिणामाचा विचार केवळ तापमानाच्या आकड्यात येत नाही, हे या घटनेने दाखवून दिले. मोठ्या जाहीर कार्यक्रमांची वेळ, मंडप, पाणी आणि वैद्यकीय पथक यांना उष्णता नियोजनात स्थान देण्याची आवश्यकता त्यामुळे अधोरेखित झाली.

मर्यादा आणि टीका

दिल्लीतील सेंटर फॉर पॉलिसी रिसर्च या संस्थेने २०२३ मध्ये देशातील ३७ उष्णता कृती आराखड्यांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांपैकी केवळ २ आराखड्यांत असुरक्षित गटांचे स्पष्ट मूल्यांकन आढळले आणि केवळ ३ आराखड्यांत निधीचा स्रोत नमूद केलेला होता. अनेक आराखड्यांत स्थानिक परिस्थितीचा पुरेसा विचार नसल्याचेही त्यात म्हटले आहे.

पुनर्वसनाच्या अनुभवांचे उष्णतेवर सरसकट आरोपण करण्यालाही मर्यादा आहेत. भूकंपानंतर पुनर्बांधणीसाठी काही वर्षांचा अवधी मिळतो, तर उष्णतेची लाट पुढच्याच उन्हाळ्यात परत येऊ शकते. चक्रीवादळात लोकांना हलवता येते. उष्णतेत संपूर्ण शहर हलवणे शक्य नसते, त्यामुळे माणसे आहेत तेथेच ती सुरक्षित राहतील अशी व्यवस्था करावी लागते. तसेच पाणी, जलसंजीवनी आणि सावली हे तातडीचे उपाय असून वाढते काँक्रीट, घटती वृक्षसंख्या आणि कामाच्या अटी हे दीर्घकालीन प्रश्न त्यांनी सुटत नाहीत.

हे सुद्धा पाहा

उष्णतेची लाट
उष्माघात
किल्लारी भूकंप
रोजगार हमी योजना
आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५